चेहरा अक्काचा, हात प्रणालीचे

सुई टोचली तेव्हा प्रणालीनं पहिली शिवी सुईला दिली नाही. ज्या कोणी ती सुई पिवळ्या पिशवीत फेकली त्याला दिली, आणि चांगली कचकचीत दिली. सुयांसाठी पांढरा डबा वेगळा ठेवलाय, भिंतीवर चित्र लावलंय, चित्राखाली लाल अक्षरांत सूचना आहे. पण वॉर्डातल्या शिकल्यासवरल्या माणसांना चार पावलं चालून डब्यापर्यंत जायचा कंटाळा. पिशवीला गाठ मारताना आतली सुई प्लास्टिक फाडून तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. जाड, पोकळ सुई. आत रक्त होतं.

हातमोजे होते की! तिच्या खिशात होते. रुग्णालयात मोजे येतात ते कामगाराच्या नोंदलेल्या मापाचे, आणि नोंद होती तिच्या थोरल्या जावेची, वैजयंताची. वैजयंताचा पंजा गड्यासारखा रुंद. तिच्या मोज्यांत प्रणालीची बोटं अर्ध्यावर संपायची, गाठ काही बसायची नाही. म्हणून गाठ मारण्यापुरते ती मोजे काढून ठेवायची. सहा वर्षं हेच चाललं होतं.

आता ही जावेच्या मोज्यांची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

साल दोन हजार बेचाळीस. खडकेवाड्याचं सरकारी रुग्णालय, साठ खाटांचं. वैजयंताला सगळी गल्ली अक्का म्हणायची. नवरा गेल्यावर तिला त्याची सफाई कामगाराची जागा मिळाली, पण तीन वर्षांत गुडघ्यांनी दगा दिला. नोकरी सोडावी तर जागाच रद्द होते. जावेच्या नावावर करून देत नाहीत. मग दोघींनी तेच केलं जे तिथं निम्मे लोक करत होते. सकाळी आठला अक्का फाटकावरच्या कॅमेऱ्याला चेहरा द्यायची, लंगडत आत जायची, निळं जाकीट प्रणालीच्या अंगावर चढवायची आणि धुलाईघराच्या मागच्या दारानं घरी परतायची. आत कोण आलं याची यंत्र नोंद घ्यायचं. बाहेर कोण गेलं याची कुणाला पडली नव्हती. याला तिथं ‘बदली’ म्हणत. चेहरा अक्काचा, हात प्रणालीचे. आणि त्या हातात सोमवारी सकाळी नऊ चाळीसला सुई घुसली.

"चोखू नकोस! दाबू पण नकोस!" लोखंडे सिस्टर धावत आल्या. वॉर्डाच्या मुख्य परिचारिका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी प्रणालीचा हात नळाखाली धरला, साबणानं धुतला आणि ती सुई चिमट्यानं उचलून कपाटाच्या फटीत टाकली.

कपाट म्हणजे काय, तर ओपीडीच्या कोपऱ्यात उभं केलेलं माणसाएवढं पांढरं यंत्र. सरकारी नाव ‘संरक्षक’. प्रत्येक सुईला बारीक क्रमांक असतो. त्यावरून ती कुणासाठी वापरली ते कपाटाला कळतं. सुईतल्या रक्ताचा थेंब तपासून दहा मिनिटांत ते सांगतं की त्यात एचआयव्हीचा विषाणू आहे का, किती आहे, आणि टोचलेल्या माणसाला लागण व्हायचा धोका किती. एरवी असा धोका हजारात तीन. म्हणजे घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण ही सुई पोकळ, जखम खोल, आणि पेशंट असा की ज्यानं कधी औषधच घेतलेलं नाही, त्यामुळं रक्तात विषाणू उदंड. कपाटानं आकडा दाखवला: हजारात एकवीस.

मग ते गोड बायकी आवाजात बोललं, "नोंदणीकृत कामगार वैजयंता घोलप यांनी औषधासाठी उपस्थित राहावे."

"जा, अक्काला घेऊन ये," सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. "तिनं हजेरी लावायची, औषधाची बाटली घ्यायची, आणि तुझ्या हातात द्यायची. अठ्ठावीस दिवस रोज गोळी. चुकवायची नाही, मळमळलं तरी. मागं मधूला, तोही बदलीवरच होता, असंच दिलं होतं."

अक्का रिक्षानं आली. धापा टाकत कपाटासमोर बसली. चेहरा जुळला, बोटाचा ठसा जुळला. "आत हात घाला," कपाट म्हणालं. अक्काला वाटलं, रक्त घेत असतील. तिनं बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घातला. आतून रबरी पट्ट्यानं दंड गच्च आवळला. खट्ट झालं.

"औषध दिले आहे. आपण सुरक्षित आहात. ही घटना बंद करण्यात येत आहे."

"बाटली?" अक्का म्हणाली.

बाटली नव्हती. दोन महिन्यांपूर्वीच कपाट बदललं होतं. लोक गोळ्या अर्ध्यावर सोडतात, विकतात, म्हणून हुशार माणसांनी हुशारीनं युक्ती काढली होती: कातडीखाली एकच टोचणी, तीच महिनाभर झिरपत राहते. मात्रासुद्धा त्या त्या माणसाचं वजन आणि मूत्रपिंडं बघून तिथल्या तिथं तयार होते. एका सुईला एक मात्रा. चोरीला जागा नाही, चुकवायला वाव नाही. याचं प्रशिक्षण झालं नव्हतं का? झालं होतं हो! जिल्ह्याला, जेवणासकट. पण ज्यांच्या नावावर झालं ती माणसं इथं काम करत नव्हती.

प्रणाली भिंतीला टेकून उभी होती. एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा धरलेला. "सिस्टर," ती म्हणाली, "मग माझं काय?"

लोखंडे सिस्टरांनी खुर्ची ओढली. आयुष्यभर पेशंटना समजावलं तसं त्यांनी तिलाही समजावलं. विषाणू आत शिरला म्हणजे लगेच आजार होत नाही. आधी तो जखमेच्या जवळच्या पेशींत दबा धरून बसतो. मग काखेतल्या गाठींकडं जातो. तिथं तो पेशींच्या आत स्वतःचा मजकूर लिहून ठेवतो, आणि एकदा लिहिलेला तो मजकूर अजून कुणालाच पुसता आलेला नाही. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी औषध पोचलं तर लिहायला बसण्याआधीच त्याचा हात धरता येतो. म्हणून बहात्तर तास. जेवढं लवकर तेवढं बरं. बहात्तरनंतर कपाट देतच नाही.

"आणि झालं तर लगेच मरत नाही कुणी," सिस्टर म्हणाल्या. "औषध घेतलं की म्हातारपणापर्यंत जगतात. माझा सख्खा भाऊ जगतोय, नातवंडं आहेत त्याला."

"ते मला म्हाईत हाय. मी त्या वॉर्डातनंच कचरा उचलते, सिस्टर. त्यांच्याशी बोलते, त्यांच्या पोरांना बिस्किटं देते. मला रोगाचं भ्या न्हाई." प्रणालीचा आवाज चढला. "टाळता येतंय, औषध दोन हातांवर ठिवलंय, आनि ते मला मिळत न्हाई, ह्याचा राग हाय मला! जिला काय बी झालं न्हाई तिला दिलं! यंत्र हाय का येडं हाय?"

अक्का बाकावर बसून रडत होती. "मला काय म्हाईत गं पोरी... मला वाटलं रगात घ्येत्यात..."

"तुमी रडू नका अक्का. तुमी रडलात की मला आनिकच संताप येतो."

जुन्या गोळ्या शोधायला सिस्टरांनी तालुक्यातली सगळी औषधाची दुकानं पालथी घातली. मोठ्या शहरांत टोचणी केव्हाच आली होती, कायमच्या पेशंटांनाही तीच, त्यामुळं त्या गोळ्या बनायच्या बंद झाल्या होत्या. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात तेच कपाट, तीच नोंद. सुईचा क्रमांक घातला की पडद्यावर उत्तर यायचं: घटना बंद, लाभार्थी सुरक्षित.

मंगळवारी सकाळपर्यंत अक्काला उलट्या सुरू झाल्या. औषध कडक, आणि अंगात त्याचं काही काम नाही. प्रणालीनं तिला लिंबू-पाणी करून दिलं, पाय चेपले, आणि मनातल्या मनात त्या कपाटाच्या सात पिढ्या उद्धारल्या.

दुपारी सिस्टरांनी तिला औषधखोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"एक वाट आहे. नागरिक म्हणून अर्ज कर, स्वतःच्या नावानं. सुई म्हणालीस तर कपाट क्रमांक मागतं. पण संबंध आला म्हणालीस तर सुई लागत नाही. फक्त कुणाशी ते सांगायचं, तो माणूस पॉझिटिव्ह नोंदलेला पाहिजे. ज्याचं रक्त होतं, तो अकरा नंबरच्या खाटेवरचा, त्याचं नाव सांग. बाकी मी बघते."

"आनि ती नोंद कुठं जाती?"

सिस्टर फळीवरच्या बाटल्या सरळ करू लागल्या.

"घरच्या आरोग्य खात्यावर जाती न्हवं? नवऱ्याच्या फोनवर? त्यो ट्रक घिऊन सुरतंला गेलाय, तिथं त्येला मेसेज जाणार, तुमच्या पत्नीचा अमक्याशी संबंध आला. व्हय?"

"त्याला फोन करून खरं सांगू आपण."

"त्यो इश्वास ठेवंल. पण त्या अकरा नंबरच्या माणसानं काय पाप केलंय? त्येच्या बायकोला कोन सांगनार? त्यो बिचारा रक्त वकून पडलाय, आनि मी त्येच्या नावानं बोंब मारू?" प्रणालीनं जोरात टेबलावर हात आपटला, तोही दुखरा. "काम करताना टोचली मला. घाण काढताना, तुमची सगळ्यांची. आनि औषध पायजे तर म्हनं सांग की मी परक्या माणसाबरं झोपले. छिनाल व्हायचं तर औषध हाय, कामगार व्हायचं तर न्हाई! असलं औषध घालू द्या चुलीत."

पण चुलीत घालता येत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. अंगठ्याच्या मुळाशी लाल ठिपका होता, मुंगी चावल्याएवढा. तिथून काखेपर्यंतचं अंतर ती सारखी बोटानं मोजत होती. वाटेत कुठवर पोचला असेल तो?

"बंद घटना उघडतो कोन?" तिनं विचारलं.

"ड्यूटीवरचे डॉक्टर. त्यांचा चेहरा लागतो कपाटाला."

प्रणाली तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. दारावर पाटी ‘डॉ. महाबळ, वैद्यकीय अधिकारी’. आत बसला होता पाटणे नावाचा एक तिशीचा पोरगेला डॉक्टर. त्याला सगळे छोटे डॉक्टर म्हणत. माणूस वाईट नव्हता. तपासताना पेशंटचं नाव विचारायचा, ते लक्षातही ठेवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझ्या चेहऱ्यानं नाही उघडायचं ते, ताई."

"का? तुमीच डाक्टर न्हवं?"

"मी..." त्यानं दाराकडं पाहिलं. "माझी इथं नोंदच नाही. नोंद महाबळ सरांची आहे. ते सकाळी फाटकावर चेहरा देतात आणि हायवेवरच्या त्यांच्या दवाखान्यात जातात. मी त्यांच्या जागी बसतो."

प्रणाली त्याच्याकडं बघतच राहिली. मग हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"म्हंजी तुमी बी बदली!"

"हो."

"मग मला ताई म्हना हक्कानं. एकाच आईची लेकरं आपन."

त्यानं महाबळांना फोन लावला. तीनदा लावला. तिसऱ्यांदा उचलला आणि उद्या बघू म्हणून ठेवला. उद्या म्हणजे बुधवार. बुधवारी दुपारी दोनपर्यंत कुणी काही बघितलं नाही, तेव्हा प्रणालीनं अक्काला घेतलं आणि दोघी शेअर रिक्षानं हायवेवर गेल्या. बहात्तरातले वीस तास उरले होते.

दवाखाना चकचकीत. थंडगार हवा, कारंजं, भिंतीला लावलेली सरकारी सन्मानपत्रं. दोघी दीड तास बसून राहिल्या. शेवटी महाबळ बाहेर आले. पन्नाशीचे, चापून केस बसवलेले, बोलणं मधाळ.

"हे बघा वैजयंताबाई, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण घटना उघडली की यंत्र त्या दिवसाचे सगळे कॅमेरे तपासतं. कोण कुठं होतं, कोण नव्हतं. तुम्ही नव्हता हे कळेल. खोटी हजेरी म्हणजे नोकरी गेली, वर गुन्हा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"आमच्या भल्यासाटी?" प्रणाली म्हणाली. "कॅमेऱ्यात तुमी बी नसणार, त्याचं काय?"

मधाळपणा तिथंच संपला. "आवाज खाली कर. हजारात एकवीस म्हणजे किती होतात माहितीय का? दोन टक्के. अठ्ठ्याण्णव टक्के तुला काहीही होणार नाही. उगाच तमाशा करू नकोस."

"मग तुमी घ्या की टोचून तीच सुई! दोन टक्केच हायेत. घ्या!"

रखवालदारानं दोघींना बाहेर काढलं. हाताला धरून नाही, तेवढी माणुसकी दाखवली. नुसता अंगावर येत येत दारापर्यंत ढकलत नेलं. बाहेर उन्हात अक्का एका दगडावर बसली. तिला पुन्हा उलटी झाली. प्रणाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडं डोळे वटारून बघत राहिली.

"प्रणाली," अक्का तोंड पुसत म्हणाली, "ह्यांची शेवटची निशानी हाय गं ती नोकरी. पंचवीस वरसं झाडू मारला त्यांनी तिथं. मेले ते बी तिथंच, सात नंबरच्या खाटंवर. कागदावर त्यांच्या नावाखाली माझं नाव हाय. म्हातारपणी पेन्शन येईल, कुनाच्या दारात जायला नको, असं वाटलं व्हतं."

  नोकरी सोड म्हणणं प्रणालीच्या तोंडातून निघेना, आणि राहू दे म्हणणंही निघेना. तिचा सगळा राग त्या दोन वाक्यांच्या मधे अडकून बसला होता. 

गुरुवारी सकाळी आठ वाजता ओपीडीची रांग फाटकाबाहेर आली होती. पोटदुखीवाले, तापवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. प्रणाली धुलाईघराच्या दारानं आत आली, जाकिटाची वाट बघत थांबली. अक्का आलीच नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. फाटकाकडून आरडाओरडा ऐकू आला तशी ती पळत सुटली.

फाटकाच्या बरोब्बर मधे अक्का उभी होती. कंबरेवर दोन्ही हात, समोर महाबळांची गाडी. साहेबांनी नेहमीप्रमाणं काच खाली करून कॅमेऱ्याला चेहरा दिला होता आणि नेहमीप्रमाणं गाडी वळवायला काढली होती. पण वळवायला जागा नव्हती, तिथं अक्का होती.

"ए बाई, बाजूला हो!" ते ओरडले.

"व्हते की. तुमी आत चला, मग व्हते."

"मला उशीर होतोय."

"कशाला उशीर हुतोय? तुमची ड्यूटी हितंच हाय की. यंत्रानं आत्ताच सांगितलं, डाक्टर महाबळ हजर. समद्यांनी आयकलं." अक्कानं रांगेकडं हात केला. "मी बी चेहरा दिलाय. वैजयंता घोलप हजर. लई वरसं झाली साहेब, मी कामावर गेले न्हाई. तुमी बी न्हाई. चला, आज दोगं बी जाऊ."

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मग एक टोपीवाला म्हातारा काठी टेकत पुढं आला. "म्हंजी हे डाक्टर हायेत व्हय? मी चार वरसं हितं शुगर तपासतोय. ह्यांचं तोंड मी आज बघतोय!"

"मग आमाला आजवर तपासत कोन व्हतं?" कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली.

हसणं थांबलं. रांग मोडून माणसं गाडीभोवती जमली. कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही, पण हटलंही कुणी नाही. महाबळांनी काच वर केली, पुन्हा खाली केली. काचेतून अक्काकडं वाकून अगदी हळू म्हणाले, "बाई, तुमची नोकरी जाईल. विचार करा."

"रातभर त्योच केलाय. चला म्हनते न्हवं!"

आठ पंचवीसला ते कपाटासमोर उभे राहिले. मागं सगळी ओपीडी. कपाटानं त्यांचा चेहरा ओळखला, बंद घटना पडद्यावर आणली आणि अक्काला विचारलं, "वैजयंता घोलप, दिनांक अठराला सुई आपणांस टोचली होती काय?"

अक्कानं ओठ आवळले. प्रणालीला वाटलं, आता ही फिरते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी अक्का फिरली असती तरी तिनं तिला दोष दिला नसता.

"न्हाई," अक्का मोठ्यांदा म्हणाली. "मी हितं नव्हतेच. ही माझी जाऊ, प्रणाली घोलप. हिला टोचली. सहा वरसं माझं काम हिनंच केलं. लिवून घे."

"कॅमेरे तपासले जात आहेत. कृपया प्रतीक्षा करा."

प्रतीक्षा! पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. सिस्टरांनी कपाटाच्या कंपनीला फोन लावला, तिथंही एक गोड आवाज प्रतीक्षा करा म्हणत होता. प्रणाली चक्राकडं बघत उभी होती. नऊ चाळीसच्या आत उघडलं तर औषध, नऊ एकेचाळीसला उघडलं तर नाही. विषाणूला काही घड्याळ कळत नाही, त्याला मिनिटभराचं काय? कळतं ते या कपाटाला.

"उघड ना रे मुडद्या!" तिनं दोन्ही हातांनी कपाटावर बुक्क्या मारल्या. "बघितलंस न्हवं कॅमेऱ्यात? कोन वाकलंय? कोन उचलतंय? सहा वरसं बगतोयस, आज तरी वळख की मला!"

नऊ चौतीसला चक्र थांबलं. "घटना पुन्हा उघडली आहे. प्रणाली घोलप, आत हात घाला."

पट्टा आवळला. खट्ट झालं. गर्दीतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली, कारण त्याच वेळी अक्काच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण चष्मा घरी होता. प्रणालीनं एक हात कपाटात अडकलेला असताना दुसऱ्या हातानं फोन घेऊन वाचलं. सेवा तत्काळ समाप्त. पेन्शनचा हक्क नाही. फौजदारी कारवाईबाबत स्वतंत्र कळवण्यात येईल. खाली सही कुणाचीच नव्हती.

"काय लिवलंय?" अक्कानं विचारलं.

"नोकरी गेली, अक्का."

अक्कानं मान हलवली. फोन परत पिशवीत ठेवला, पिशवी खोचली, आणि म्हणाली, "हात निघाला का? दाबून धर, रगात येतंय."

पुढचं ऐकून तुमच्याही अंगाचा तिळपापड होईल, पण सांगतो. छोट्या डॉक्टरला तोतया म्हणून पोलिसांनी नेलं. तपासलेले पेशंट ठाण्यावर जाऊन त्याच्या बाजूनं बोलले म्हणून जामीन तरी झाला. महाबळांनी कळवलं की सुई टोचली त्या सोमवारी आपण खेड्यांच्या दौऱ्यावर होतो. दौऱ्याचा कागद मागच्या तारखेनं तयार झाला, यंत्रानं तो वाचला आणि खरा मानला. कागदावर यंत्राचा फार विश्वास. दीड महिन्यात त्यांची बदली झाली, ती खरी, जिल्ह्याच्या ठिकाणी, वरच्या जागेवर.

दोघी जावा आता बेदाण्याच्या शेडवर जातात. पाय पसरून बसता येतं, अक्काच्या गुडघ्यांना सोसतं. समोर बेदाण्यांचा ढीग, त्यातून काळा, फुटका, काडीचा वेगळा काढायचा. तीन महिन्यांनी एका दुपारी प्रणालीचा फोन वाजला. अंगातली टोचणी कधीच संपली होती, शेवटची तपासणी झाली होती, आणि लोखंडे सिस्टरांचा आवाज आनंदानं फाटला होता.

"निगेटिव्ह! ऐकलंस का? काही नाही तुला. पूर्ण स्वच्छ!"

प्रणालीच्या हातातले बेदाणे खाली सांडले. तिनं अक्काकडं पाहिलं. अक्काचा हात ढिगात तसाच थांबला होता, विचारायची हिंमत होत नव्हती.

"काय न्हाई झालं, अक्का. काय बी न्हाई झालं मला."

अक्कानं पदर तोंडाला लावला आणि हुंदका देऊन रडायला लागली. तीन महिने कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. शेडमधल्या बायका हातातलं काम टाकून धावल्या.

"देवाची कृपा गं बाई," फोनवर सिस्टर म्हणत होत्या. "देवानंच वाचवलं बघ तुला."

"देवाचं नाव घिऊ नका सिस्टर," प्रणाली म्हणाली, आणि इतक्या मोठ्यांदा म्हणाली की सगळी शेड गप्प झाली. "त्यो कुठं आडवा झाला व्हता गाडीम्होरं? माझी अक्का झाली."

मग तिनं फोन ठेवला आणि अक्काला पाणी आणायला गेली.